कळण्याची भाकरी आणि मोहाची फुलं



'आवडतं खाणंपिणं' या विषयावर बोला, असा फोन आला तेव्हा पलीकडचे अधिकारी म्हणाले, 'खाण्यावर बोला, पिण्यावरही बोला.' आणि लगेच थबकले. माझं नाव त्यांच्या लक्षात आलं असावं. घाईघाईनं म्हणाले, 'म्हणजे सरबत, ताक वगैरे.' मी म्हटलं, 'साहेब, दोन्हींवर बोलतो, काळजी करू नका.' मी दारूचा थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. पण मोहाच्या दारूविषयी मला थोडं सांगायचं आहे. ते शेवटी सांगेन. आधी जेवून घेऊ.

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून धुळे जिल्ह्यातली गावं फिरत. दिवाळी झाली, थंडी पडू लागली की कापूस पिंजायचा आणि गाद्या-रजया भरायच्या, असा त्यांचा हंगाम असे. शाळेला सुट्टी असली की मीही त्यांच्यामागे जाई. तांतीचा तो 'टुंग-टुंग' आवाज आणि हवेत उडणारा कापूस, हे माझं बालपण. अब्बांच्या भुवयांवर कापूस बसे आणि संध्याकाळपर्यंत ते म्हातारे दिसू लागत.

मजुरी थोडी पैशात मिळे, थोडी जेवणात. कळण्याच्या भाकरीची माझी ओळख या ओसरीवरच्या जेवणातून झाली. कळणं म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळायचे आणि त्यात मीठ टाकायचं. प्रमाण घरोघरी वेगळं. ही भाकरी करड्या रंगाची, थोडी चिवट, खमंग असते. तिच्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल, शेजारी मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. अंगणातली घरधनीण आम्हाला 'आखो ले' म्हणायची. अहिराणीत त्याचा अर्थ, 'आणखी घे'. इतका गोड शब्द मला अजून दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेला नाही. काही घरांत भाकरी हातात न देता वरून टाकत, हेही खरं. अब्बा ती अलगद झेलत आणि 'अल्लाह बरकत दे' म्हणत. मला तेव्हा तो खेळ वाटे. पुढे कळलं की तो खेळ नव्हता. पण भाकरीची चव त्यानं बदलली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आणि वरून टाकणाऱ्या त्याच बाईनं एका संध्याकाळी माझा ताप बघून अब्बांना गाडीबैल जोडून दिला होता, हेही सांगितलं पाहिजे.

थंडीतलं दुसरं सुख म्हणजे भरीत. श्रोत्यांत जळगावकर असतील, त्यांना मी भरीत काय शिकवणार! असोदा, बामणोद या गावांची ती हिरवी-पांढरी, गुबगुबीत वांगी. २०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. पण वांग्याला सरकारी कागद मिळण्याच्या कितीतरी आधीपासून मार्गशीर्ष-पौषात शेताशेतांत धूर निघतच होता. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नव्हे. काडीचा जाळ झरझर पेटतो आणि लवकर विझतो. त्यात वांग्याची साल करपते आणि आतला गर शिजतो, पण जळत नाही. मग साल काढून तो गर लाकडी उखळीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर कुटायचा. वरून तेलाची फोडणी, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. केळीच्या पानावर वाढायचं. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं आहे, हे दुसऱ्या घासानंतर कुणी बघत नाही. मी लग्नाच्या पंगती पाहिल्या, साहित्य संमेलनांचे भोजनमंडप पाहिले. शेतातल्या भरीत पार्टीइतकी मोकळी पंगत मला दुसरीकडे दिसली नाही.

बहिणाबाई असोद्याच्या. त्यांच्या कवितेत शेत आहे, चूल आहे, पीठ आहे. कॉलेजात त्यांची कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दचकलो होतो, कारण ती भाषा मला ओसरीवर वाढलेल्या भाकरीतून आधीच माहीत होती. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी उर्दू बोलायचो, पण भूक लागली की तोंडात अहिराणीच यायची. मी मराठीत का लिहितो, असं लोक विचारतात. त्याचं लांबलचक उत्तर मी व्यासपीठावर देतो. आखूड उत्तर हेच.

शेवभाजीविषयी फार बोलत नाही. ती आता पुण्यामुंबईच्या हॉटेलांत पोहोचली आहे आणि तिथे ती गोड करतात, यापेक्षा जास्त बोललो तर माझा रक्तदाब वाढेल. खानदेशी काळा मसाला म्हणजे कांदा आणि सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजायचं आणि मग वाटायचं. करपण्याच्या एक क्षण आधी थांबणं, एवढंच त्यातलं शास्त्र. अम्मीला ते जमायचं. माझ्या बायकोला जमतं. मला जमत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या घरातून खापरावरचे मांडे आणि आमरस येई. उपड्या खापरावर टाकलेली ती हातभर पुरणपोळी घडी करून ताटात येई, तेव्हा मला ती पोळीपेक्षा रजईसारखी वाटे. पिंजाऱ्याचा पोरगा, दुसरं काय सुचणार! ईदला आमच्याकडून त्यांना शीरखुर्मा जाई. दूध, शेवया, खारीक, चारोळी. आता ही चारोळी कुठून येते, ते सांगतो, कारण पिण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

बी. ए.ला असताना वसतिगृहात माझ्या खोलीत एक पावरा मुलगा होता. शिरपूर तालुक्यातला, पळासनेरच्या वरच्या डोंगरातला. मुंबई-आग्रा रस्ता पळासनेरहून मध्य प्रदेशात शिरतो. त्या रस्त्यावरून आपण सगळेच गेलो असू, पण रस्ता सोडून डोंगर कुणी चढत नाही. हा मुलगा फारसं बोलत नसे. सुट्टीहून येताना फडक्यात बांधून चारोळी आणायचा. त्याच्या भागात पूर्वी व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेत, असं तो सांगे आणि हसे. पहिल्याच वर्षी त्यानं ती पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'तुमच्या ईदला लागते ना?' मी घरी नेली. अम्मीनं मूठ नाकाशी नेली आणि म्हणाली, 'अशी ताजी चारोळी मी आयुष्यात पाहिली नाही.'

१९९२ च्या मार्चमध्ये तो मला होळीला त्याच्या पाड्यावर घेऊन गेला. तेव्हा रमजान चालू होता. होळीची पुनव आणि रमजानचा चौदावा चांद एकच. मी रोजा धरून होतो. पळासनेरहून चालताना घसा कोरडा पडला, पण विशीतल्या माणसाला आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटत असतं. वाटेत भोंगऱ्या बाजाराहून परतणाऱ्या पोरापोरींचे घोळके भेटले. बासऱ्या, ढोल, चांदीचे दागिने. आणि मोहाची झाडं. पानं गळालेली, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके. एखाददुसऱ्या झाडाखाली पहिली फुलं पडू लागली होती.

मोहाचं फूल खुडायचं नसतं. ते पहाटे आपणहून गळतं. पिवळसर, मांसल, आतून रसानं भरलेलं. लोक आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, मग सूर्य उगवायच्या आत टोपल्या घेऊन बसतात. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. वेचलेली फुलं अंगणात वाळवली की आक्रसतात आणि मनुकेसारखी तांबूस होतात. ती कणगीत भरली की वर्षाची सोय. कारण हे फूल आधी अन्न आहे, मग दारू. भाजून खातात, उकडून खातात, पिठात घालतात, गुराला देतात. बीला डोळी म्हणतात, तिचं तेल काढतात. १९७२ च्या दुष्काळात, माझ्या जन्माच्या साली, आमच्याकडे अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी शिजत होती. माझ्या मित्राच्या आईनं त्या साली मोहावर घर जगवलं होतं.

दारूही त्याच फुलाची. वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात घालून आठवडाभर ठेवायची. उन्हाळा असेल तर कमी दिवस. ती आंबून बुडबुडायला लागली की मडकं चुलीवर चढवायचं, वाफ बांबूच्या नळीनं दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडं गार पाण्यात ठेवायचं. पहिल्या धारेची काडी लावली तर पेटते. सीमेपलीकडे बडवानी-अलीराजपूरकडे ताडीची झाडं आहेत. तिकडे पहाटे उतरवलेली गोड नीरा दुपारपर्यंत आंबट होते आणि संध्याकाळी चढते. ती बिअरसारखी सौम्य. मोह मात्र सौम्य नाही.

सूर्य मावळायला आला. मित्राच्या आईनं अंगणात खाट टाकली. पाहुणा म्हणून तिनं आधी मातीवर चार थेंब शिंपडले, देवांना दिले आणि पानाचा द्रोण माझ्यापुढे केला. मी मित्राकडे पाहिलं. तो तिच्याशी पावरीत बोलला. मला वाटलं, आता ही माउली रागावणार. पाहुण्यानं द्रोण परतवणं म्हणजे घर परतवणं, हे मला रस्त्यात सांगितलेलं होतं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मुलाला एवढंच विचारलं, 'सकाळपासून पाणीही नाही?' तो 'नाही' म्हणाला. ती आत गेली. बाहेर आली ती एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात पानावर उकडलेली मोहाची फुलं घेऊन. मागच्या वर्षीची वाळलेली, पुन्हा फुगवलेली. मी खजुराऐवजी त्या फुलानं रोजा सोडला. त्या झऱ्याच्या पाण्याचा पहिला घोट, हे माझं आयुष्यातलं आवडतं पेय. अधिकारी साहेब, सरबतापेक्षा साधं आहे.

ती तिथेच बसली. माझा परतवलेला द्रोण तिनं स्वतः घेतला. वाया घालवला नाही.

घरी आल्यावर मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना भीतभीत विचारलं, हे फूल खाल्लेलं चालतं का? ते हसले. 'फूल हलालच आहे, बेटा. त्याला आंबवून नशा आणली की हराम. खजुराचंही तेच आणि अंगुराचंही तेच.' प्रश्न मिटला.

पण मी कवी होतो, किंवा व्हायला निघालो होतो. मी मोहाच्या दारूवर कविता लिहिली. पहिल्या धारेवर, चांदण्यावर, ढोलावर, मातीवर शिंपडलेल्या थेंबांवर. ती एका दिवाळी अंकात छापून आली. संमेलनांत मी ती म्हणत असे आणि टाळ्या पडत. न पिता दारूवर लिहिण्याची आमच्याकडे परंपराच आहे. उर्दूतले रियाझ खैराबादी शराबेवरच्या शायरीसाठी प्रसिद्ध, आणि त्यांनी ती कधी चाखली नाही असं सांगतात. मराठीत माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया आणल्या, तेव्हापासून आपल्याकडेही साकी आणि प्याला आहेच. मी स्वतःला त्या रांगेत समजत होतो.

मित्र शिक्षक झाला. आश्रमशाळेत नोकरी लागली. पगार आला, रस्ता आला, मोटारसायकल आली. रस्त्याबरोबर अड्डेही आले. तिथली दारू मोहाची नव्हती. काळा गूळ, नवसागर आणि देव जाणे काय काय. घरची मोहाची दारू सणाला व्हायची, लग्नाला व्हायची, मयताला व्हायची. ती संपली की संपायची, कारण फुलंच संपायची. अड्ड्यावरची संपत नसे. शिवाय तिथे उधारी चालत असे. याच उधारीपायी हंगामात लोक मोहफुलं व्यापाऱ्याला स्वस्तात घालत आणि पावसाळ्यात तीच दुप्पट भावानं विकत घेत.

याचा इतिहास जुना आहे. इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा आणला तो दारू थांबवायला नव्हे, तर तिच्यावरचा महसूल आपल्या हातात ठेवायला. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराचं दुकान कायदेशीर झालं. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हाही झोपडीतलं मडकं गुन्ह्यातच राहिलं. नंतर शहादा तालुक्यात, जो तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, १९७२-७३ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंतींच्या आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल बायका पुढे झाल्या आणि त्यांनी अड्ड्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. त्या बायकांना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. मार त्या खात होत्या. अलीकडे वारं उलटं फिरलं आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध सैल केले. मध्य प्रदेशानं तर मोहाच्या दारूला वारशाचं मद्य ठरवून बाटलीत भरलं. फूल वेचणाऱ्या बाईच्या हातात त्यातून चार पैसे जास्त येत असतील तर मला आनंदच आहे. पण बाटलीवरचं चित्र फार सुंदर असलं की मला भीती वाटते. ती भीती कुठून आली, तेवढं सांगतो आणि थांबतो.

माझा मित्र २००९ मध्ये गेला. यकृत संपलं होतं. वय सदतीस. मला उशिरा कळलं. मी पाड्यावर गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं पत्र्याच्या पेटीतून एक अंक काढला. माझी कविता असलेला दिवाळी अंक. त्यानं तो जपून ठेवला होता. तिला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, 'भाऊ, ते हे आम्हाला वाचून दाखवायचे. पिऊन आले की हमखास. म्हणायचे, बघ, माझ्या दोस्तानं आपल्या दारूवर काय लिहिलंय.' मी मान खाली घातली. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईनं विचारलं, 'पोरा, तू कधी चाखलीस का?' मी म्हटलं, 'नाही, माय. तुम्हाला माहीत आहे.' ती म्हणाली, 'मग फुलावर लिहायचंस. फूल तू खाल्लं होतंस.'

तिच्या आवाजात राग नव्हता. स्वयंपाकात मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

कवितेनं कुणी मरत नाही, असं मला दोन-तीन मित्रांनी समजावलं. खरंच असेल. गुळाची दारू आणि मोहाची दारू वेगळी, असं मीही स्वतःला सांगून पाहिलं. पण संग्रह निघाला तेव्हा ती कविता मी घेतली नाही. प्रकाशक म्हणाले, 'तुमची गाजलेली आहे ती.' मी म्हटलं, 'असू द्या.' फुलावर लिहायचा प्रयत्न अनेकदा केला. अजून जमलेली नाही.

त्या घरात आता मोहाची दारू फक्त देवापुरती काढतात, मातीवर शिंपडण्याइतकी. मित्राच्या मुलानं पदवी घेतली, शिरपूरला नोकरी करतो. वडिलांची एक गोष्ट त्यानं चुकवलेली नाही. दर ईदच्या आधी फडक्यातली चारोळी आमच्या घरी पोहोचते.

चांद्र वर्ष सरकत सरकत सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतं. २०२५ मध्ये होळी पुन्हा रमजानात आली. त्या वर्षी चारोळीबरोबर आणखी एक पुडी होती. आजीनं दिलीय, म्हणाला. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही, पण झाडाखाली बसून हातानं चाचपत ती फुलं वेचते. मी ती वाळलेली फुलं रात्रभर दुधात भिजवली आणि ईदच्या सकाळी बायकोनं ती शीरखुर्म्यात घातली. धाकट्या लेकीनं वाटी संपवली आणि विचारलं, 'अब्बा, या मनुका कुठून आणल्या? आणखी आहेत का?'

मी म्हटलं, 'आखो ले.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)